खिडकीतला कप

हेमांगी न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढत होती आणि निघालेले स्क्रू मी तळहातावर धरून उभी होते.

"गंजलीय," ती म्हणाली.

कडी गंजलेली नव्हती. पितळेची होती, आणि पितळ गंजत नाही, फार तर हिरवं पडतं. हे तिला सांगायचं होतं, पण वाक्य कुठून सुरू करायचं ते मला सापडेना.

"नवी कधी लावायची?" मी विचारलं.

"लावू नं. बाजारात गेली की आणते."

"तोवर?"

"तोवर तू आत गेलीस की मी बाहेर बसून गाणं म्हणत जाईन. कोणी आत आहे ते समजायला पाहिजे नं?"

हेमांगीला गाणं येत नव्हतं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिला पडदा ओढायला ठेवत असत, असं तीच सांगायची. शेवटचा स्क्रू तिनं वरून माझ्या हातावर सोडला, बोट लागू न देता. मीच तसं सांगितलं होतं. मी ते सगळे फरशीवर ठेवले, तिनं उचलले, बाहेर गेली, आणि मला स्पिरिटचा वास आला. ती हात पुसत होती.

मी मनात म्हटलं, म्हणजे हिलाही माहीत आहे.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. त्या वेळचं मला जे आठवतं त्यातलं काय खरंच घडलं आणि काय माझ्या डोक्यात घडलं, याची खात्री मला आजही देता येत नाही. कडीचं खरं आहे. हेमांगीनं ती नंतर मला दाखवली होती.

आम्ही तिघी केळीची रोपं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होतो आणि वरच्या मजल्यावरच्या एकाच भाड्याच्या घरात राहत होतो. सातपुडा उत्तरेला निळा दिसायचा, आणि खाली नजर जाईल तिथवर केळीच्या बागा. केळीच्या कंदातला अगदी आतला कोंब काढायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे, काचेच्या बाटलीत जेलीसारखं खाद्य असतं त्यावर ठेवायचे. तुकड्याला कोंब फुटतात, त्या कोंबांचे परत तुकडे. बाटलीत रोप आणि खाद्य यांच्याशिवाय काही म्हणजे काही असता कामा नये. हवेतला एक जंतू आत गेला तर रोपाआधी तोच ते खाद्य खातो आणि वाढतो. म्हणून चपला बाहेर, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हात स्पिरिटनं पुसलेले. आणि एक नियम सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगितला जाई: बाटली बाद झालेली दिसली तर ती उघडायची नाही. झाकण लावलेलीच लाल क्रेटमध्ये ठेवायची, तशीच वाफेच्या भट्टीत घालायची आणि टाकून द्यायची. आतलं रोप कितीही हिरवं दिसत असलं तरी.

तुकडे करायचं काम हेमांगी नेहेतेचं. तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. जैबुन तडवी बाहेर हरितगृहात असायची. बाटलीतून काढलेली रोपं नारळाच्या भुश्यात आणि मातीत लावून हळूहळू बाहेरच्या हवेची सवय करणं हे तिचं काम. शिक्षण तिघींचं सारखंच, पण जैबुनची नखं कायम काळी असायची आणि आम्ही तिला आमच्या खोल्यांच्या दारातच अडवायचो. "या सोवळ्याच्या बायका," ती म्हणायची, "तुमची लेकरं शेवटी माझ्याच चिखलात येतात!" मी, शरयू, मिरजेची. माझं काम बाटल्या तपासण्याचं. एकेक बाटली उजेडाकडे धरायची, तळाशी बघायचं, परत ठेवायची. मला ते काम आवडायचं. त्यात बोलावं लागत नाही.

त्या हिवाळ्यात बाटल्या बाद होऊ लागल्या. रोपाच्या बुडाशी दुधाच्या सायीसारखं वलय दिसायचं, आणि चार दिवसांत ते सगळ्या खाद्यावर पसरायचं. एक रॅक, मग शेजारचा, मग समोरचा. हवेच्या गाळण्या बदलल्या, खोल्या धुरी देऊन बंद केल्या, तरी थांबेना. मी रोज जास्त वेळ थांबून तपासू लागले. घरी आल्यावरही डोळे मिटले की बाटल्या दिसत. मग झोप गेली. आणि केव्हातरी माझ्या लक्षात आलं, निदान तसं वाटलं, की जे जे रॅक बाद झाले त्या सगळ्यांना हात लागला होता तो एकाच माणसाचा. माझा.

सगळेच रॅक मी तपासत होते, चांगलेही, हे मात्र लक्षात आलं नाही. एरवी दुसऱ्या कुणाच्या प्रयोगाच्या मांडणीत एवढी ढोबळ चूक मी ताबडतोब दाखवली असती.

तिथून पुढे विचार फार वेगानं गेला. वलय माझ्यात होतं. आत, तळाशी. बाहेरून मी हिरवी दिसत होते, इतकंच. खाद्य बंद केलं की जंतूची वाढ थांबते, म्हणून मी जेवण सोडलं, मग पाणीही घोटभरावर आणलं. माझं ताट वेगळं ठेवायला सांगितलं, कप वेगळा. कुणी शिवू नये म्हणून सांगितलं. आणि बाद झालेल्या बाटलीची पुढची पायरी काय असते, ते मला कामावरूनच ठाऊक होतं. मी तसं एकदा हेमांगीला शांतपणे सांगितलंही. कपडे वाळत घालताना आपण उद्याचा बेत सांगतो तसं. तिच्या हातातला चिमटा खाली पडला.

दुसऱ्याच दिवशी ती मला एसटीनं भुसावळला एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. माझा भाऊ ओमानला होता, त्याला घरमालकीणबाईंच्या फोनवरून कळवलं, तर तो म्हणाला, "सुट्टी मिळवून येईतो आठवडा जाईल. आईला सांगू नका, तिचं हृदय... तुम्ही तेवढे दिवस बघाल का?" हेमांगी म्हणाली, "बघू." डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि दाराआड हेमांगीला काही सांगितलं. मला ऐकू आलं ते एवढंच: "तिच्याशी वाद घालू नका. एकटं सोडू नका. आणि तीन दिवसांत पाणी नि गोळ्या नीट पोटात जाऊ लागल्या नाहीत, तर दाखल करायचं. मग थांबायचं नाही."

दाखल व्हायला मी तयार नव्हते. दवाखान्यात माणसं असतात. माझं तिथं काय होईल यापेक्षा त्यांचं काय होईल याची मला भीती होती.

वाद घालायचा नाही हे हेमांगीनं अगदी काटेकोर पाळलं. तिचा स्वभावच तो. ताट वेगळं हवं म्हटलं, तिनं वेगळं केलं; ते आणि माझा कप खोलीच्या खिडकीत ठेवला. जवळ येऊ नको म्हटलं, ती उंबऱ्याशी बसू लागली. येताना चपला बाहेर काढायची. हात पुसून यायची. हे ती मुद्दाम करत नव्हती. कुठल्याही महत्त्वाच्या खोलीत शिरताना तिचे हात आपोआप तसं करत. पण मी आतून बघत होते आणि मला प्रत्येक गोष्ट पुरावा वाटत होती. हेमांगी सगळ्यांत काटेकोर. तिला जर मी बाद वाटत नसते, तर तिनं हात कशाला पुसले असते? मला तर ती टोपी आणि मास्क घालून दारात बसलेली आठवते. ती शपथेवर सांगते की टोपी-मास्क तिनं घरी कधीच घातला नाही, थंडी होती म्हणून कानाला रुमाल बांधला होता.

असेल.

जैबुन त्या सगळ्यात नव्हती. तिच्या मामेबहिणीचं लग्न होतं, ती डोंगराकडे आपल्या गावी गेली होती. कडी काढली त्याच दिवशी दुपारी ती परत आली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज आला, मग पिशव्या टेकल्याचा, मग तिचा मोठा आवाज.

"अवं, कुठं आहेत साऱ्या? लग्नातली मिठाई आणली, मुंग्या लागायच्या आत खा!"

हेमांगी तिला घेऊन स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नुसती कुजबुज. मी भिंतीला टेकून बसले होते. समोर ताटात सकाळची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. हेमांगीचे डोळे इतके लाल होते की मी तिच्यासाठी म्हणून एक घास तोडला होता, चावला होता आणि तिची पाठ वळल्यावर रुमालात काढून ठेवला होता. उरलेल्या भाकरीवर माझ्या दातांची खूण होती.

मग पावलं दारापाशी आली आणि थांबली.

"हे काय?" जैबुनचा आवाज.

"काय?"

"खिडकीत. हा कप कोणाचा?"

"तिचा. हळू बोल."

"वेगळा?"

"तिनंच मागितला, जैबू. डॉक्टरबाई म्हणाल्या वाद घालू नका. मी काय करू? माझ्या मनानं करून राहिली का मी?"

"आणि ताटही?"

"तीच म्हणते शिवू नका..."

"ती म्हणेल. ती आजारी आहे. तू आहेस का आजारी?"

हेमांगीनं दार जरा लोटून घेतलं.

"माझी माय तुमच्या त्या मोठ्या पाटलांच्या खळ्यात कामाला जायची," जैबुन म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता, आणि मला तो जास्त नीट ऐकू येत होता. "ओट्याच्या खिडकीत एक कप असायचा. कान तुटलेला. चहा झाला की ती तो धुवून परत तिथंच ठेवायची. कोणी तिला कधी वाईट बोललं नाही, बरं. सगळे म्हणायचे, जैतूनबी फार स्वच्छ बाई. मी लहान होते, मला वाटायचं मायला काहीतरी झालंय. आतून. म्हणून तिचा कप बाहेर. मी रोज तिचे हात बघायची, जीभ बघायची. काही दिसायचं नाही. म्हणजे अजून आत असेल, असं वाटायचं."

"मी तसं केलं नाही गं," हेमांगी म्हणाली. ती रडत होती की नाही, सांगता येत नाही. "मी खरंच तसं नाही केलं."

"माहीत आहे. तू असती तशी, तर मी चार वर्षं तुझ्यासोबत राहिले असते का? पण कप खिडकीतच आहे नं?"

मला या बोलण्याचा अर्थ लागत नव्हता. शब्द सगळे कळत होते. कुणाची आई, कुठला कप. मला वाटलं, दोघी मला कुठं ठेवायचं ते ठरवताहेत.

जैबुन आत आली. चपला घालून. दाराशी थांबली नाही, हात पुसले नाहीत, सरळ येऊन माझ्या पलंगावर बसली. एसटीची धूळ, डोक्याला लावलेलं तेल आणि मेंदी, असा सगळा मिळून वास आला. मी भिंतीत शिरायला बघत होते.

"हात," मी म्हणाले. "जैबू, हात धू. उठ. लांब हो."

"तू लांब हो नं. जागा असेल तर हो."

"मी बाद झालेय."

"बरं."

"हेमांगीला विचार. तिला माहीत आहे."

जैबुननं ताट ओढलं. भाकरी उचलली, उलटसुलट करून बघितली, माझ्या दातांची खूण सापडली तशी बरोबर तिथंच चावा घेतला. मग ताटातला ठेचा बोटानं पुसून घेतला आणि वर माझ्या कपातलं उरलेलं पाणी प्यायली. सगळं. मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. हेमांगी म्हणते की मी आवाज न करता नुसतं तोंड उघडलं होतं.

"ठेचा कोणी केला? मीठ विसरली," जैबुन म्हणाली. "आता सांग. झाली का मीपण बाद?"

मी मान डोलावली.

"किती दिवसांत दिसतं?"

हा प्रश्न मला समजला. बऱ्याच दिवसांनी मला समजलेला तो पहिला प्रश्न. "दोन-तीन," मी म्हणाले. "वलय दिसायला. पसरायला आणखी."

"मग बघणार कोण?"

"म्हणजे?"

"तपासणीवर तू आहेस नं? मला काय दिसतं त्यातलं, मी चिखलातली बाई. तू तपास. रोज सकाळी मला उजेडाकडे धर आणि बघ. बाद झाले तर तुझं खरं. मग मी वाद घालणार नाही. पण तोवर तुला इथं असायला लागेल. शुद्धीवर. बाद बाटल्या बघायला डोळे लागतात, आणि डोळ्यांना पाणी लागतं."

हेमांगी अजून उंबऱ्यावरच उभी होती. तिनं चपला काढलेल्या होत्या. मी बघत होते. ती खाली वाकली, चपला परत पायांत घातल्या आणि आत आली.

"एका नमुन्यावर काय सिद्ध होणार?" ती म्हणाली आणि जैबुनच्या हातातली भाकरी घेऊन एक तुकडा तोंडात घातला. तिला तो गिळायला वेळ लागला. मीठ नव्हतं म्हणून असेल. "दोन तरी पाहिजेत."

"आणि ज्यांनी खाल्लं नाही असं तुलनेला कोण?" माझ्या तोंडून गेलं.

"खालच्या मालकीणबाई," जैबुन म्हणाली. "त्या तर आपल्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. एकदम शुद्ध."

हेमांगी हसली आणि हसता हसता मटकन खाली बसली. मी हसले नाही. मला मांडणीत दोष दिसत होते. पण तपासायला माणूस लागतं हे बरोबर होतं. त्यासाठी मी दोन घोट पाणी घेतलं, आणि त्याबरोबर गोळी.

मग जैबुननं माझं ताट आणि कप स्वयंपाकघरात नेला. मी भिंत धरत मागे गेले. तिनं सगळ्यांची भांडी एका घमेल्यात घातली, घासली, विसळली आणि कप मांडणीवर पालथे घातले. सहाच्या सहा सारखे होते, पांढरे, कडेला निळी रेघ. भुसावळच्या आठवडी बाजारातून आम्हीच आणलेले.

"माझा कोणता?" मी विचारलं.

"शोध."

ती निघून गेल्यावर मी एकेक कप उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरला. तळाशी बघितलं, ठेवला, पुढचा घेतला. मग पुन्हा पहिल्यापासून. मला ओळखता येईना. आता तो कप सगळ्यांत मिसळला होता, आणि आता कुणालाच वाचवता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी माझ्यासमोर ओळीनं उभ्या राहिल्या. जैबुननं जीभ काढली, खालच्या पापण्या ओढून दाखवल्या.

"वलय?"

"नाही."

"नीट बघ. नंतर तक्रार नको."

"नाही दिसत. पण अजून लवकर आहे."

"हेमांगीचं बघ, तिचं तोंड सायीसारखंच दिसून राहिलंय."

"गप वं तू," हेमांगी म्हणाली.

त्या दिवशी मी चमचाभर वरणाचं पाणी घेतलं. रात्रीची गोळी नाही घेतली, जिभेखाली धरून थुंकली. मला दोन्हीकडून ओढल्यासारखं होत होतं. त्यांना काही होऊ नये असं वाटायचं. आणि काही होणारच, हे मला पक्कं माहीत होतं. ते होईतो थांबायचं आणि मग पुढची पायरी, असं मी ठरवून ठेवलं होतं.

डॉक्टरबाईंनी दिलेल्या मुदतीचा दिवस उजाडला. हेमांगीनं माझी पिशवी भरून दाराशी ठेवली. भुसावळला जायला जीप सांगितलेली होती. ती एकटीच माझ्यासमोर उभी राहिली.

"जैबुन कुठं?"

"ती नं, लवकर गेली हरितगृहात. फवारे बिघडले होते."

हेमांगीला गाणं येत नाही तसं खोटंही बोलता येत नाही. जैबुनच्या चपला जिन्याशीच होत्या. आणि मी ऐकलं, पलीकडच्या खोलीतून कुणीतरी खोकलं. तोंडावर काहीतरी दाबून.

"ती आत आहे," मी म्हणाले.

"शरू, ऐक. थंडी लागली असेल तिला. लग्नात उघड्यावर झोपली, पहाटे अंगणात..."

"तिच्यात दिसलं."

"नाही गं. साधं पडसं..."

पण माझं बरोबर ठरलं होतं. मी सांगितलं होतं तसंच, तितक्याच दिवसांत. एखादा निष्कर्ष बरोबर निघाला की मनात जी एक घडी बसते, ती मला ओळखीची आहे. तिची वाट बघत मी उभी राहिले. ती बसेना. तिथं दुसरंच काही होतं, आणि ते काय आहे ते मला कळत नव्हतं. मी चालू लागले. जिन्याकडे जायचं असं मी ठरवलं होतं, असं मला वाटतं. पण गेले ते पलीकडच्या खोलीत.

जैबुन गोधडीत तोंड घालून पडली होती. मला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"पकडलं," ती म्हणाली. आवाज बसला होता. "चल, कर तपासणी."

मी दारातच उभी होते.

"काय झालं? दिसलं नं तुला पाहिजे ते?"

"हो."

"मग मी बाद?"

मी गोधडीकडे बघत राहिले.

"बोल की. नियम तुझाच आहे. क्रेट आण लाल, टाक मला. झाकण लावून."

"तू रोप आहेस का!" मी म्हणाले. मला राग आला होता. इतक्या दिवसांत मला राग आला नव्हता.

"नाही? मग काय आहे?"

तिच्या कपाळावर केस चिकटले होते, ती पुन्हा खोकली, आणि माझ्यापुढे एकच स्पष्ट काम होतं, ते म्हणजे तिला पाणी हवं होतं. मी स्वयंपाकघरात गेले. पाण्यात मीठ, साखर, थोडं लिंबू, बरोबर मापानं. माझे हात ते आपोआप करत होते. मांडणीवरचा हाताला लागेल तो कप घेतला. परत आले. पलंगाच्या कडेला बसले. तिचे केस बाजूला केले आणि कपाळावर हात ठेवला.

हेमांगी दारात होती. ती श्वास घेत नव्हती, असं मला वाटलं.

"घे," मी म्हणाले.

"तू आधी."

"तुला ताप आहे."

"म्हणूनच. मी आधी प्यायले तर तुला माझं लागेल."

हे उलटं होतं. कुणाचं कुणाला लागणार, हे सगळंच उलटसुलट झालं होतं, आणि मी ते सोडवायला घेतलं, पण मध्येच धागा हातून सुटला. मी कप तोंडाला लावला. पाणी गोड, खारट, आंबट होतं. अर्धा कप संपल्यावर मला कळलं की मला तहान लागली आहे. किती तरी दिवसांची. जैबुननं उरलेला अर्धा घेतला. हेमांगीनं न बोलता गोळी आणून माझ्या हातावर ठेवली. या खेपेला वरून सोडली नाही. तिची बोटं माझ्या तळहाताला लागली. मी गोळी गिळली आणि तोंड उघडून तिला दाखवलं.

खाली जीपचा हॉर्न वाजला. हेमांगी गॅलरीत गेली आणि ओरडून म्हणाली, "भाऊ, वर या, चहा घ्या. आज जायचं नाही!"

जीपवाल्यानं आमच्याच कपातून चहा घेतला. कोणत्या, ते मी बघितलं, पण काही बोलले नाही.

लगेच बरी झाले असं नाही. गोळ्या पुढे दोन वर्षं चालल्या, त्यांनीच झोप परत आणली आणि वलय हळूहळू पातळ होत गेलं. मधे एकदा दाखलही व्हावं लागलं. दादा ओमानहून येऊन मला मिरजेला घेऊन गेला. बाटल्यांतला तो जंतू कुठून आला ते कधीच नक्की कळलं नाही. आणलेल्या कंदांतूनच आला असावा असं नंतर ठरलं. मी त्या नोकरीवर परत गेले नाही. आता कॉलेजात शिकवते. हेमांगी नाशिकला आहे. जैबुननं रावेरकडे स्वतःची रोपवाटिका काढली.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. शेडनेटखाली ती ट्रेमध्ये रोपं लावत बसली होती, मी बाजूला स्टुलावर. हेमांगीशी आदल्याच आठवड्यात फोनवर बोलणं झालं होतं, आणि बोलता बोलता ती म्हणाली होती, "ताप? कसला ताप? जैबूला काही नव्हतं झालेलं. ती नाटकी पहिल्यापासूनची. मला म्हणाली, तू फक्त खोटं बोलायचा प्रयत्न कर, तिला बरोबर कळेल."

मी जैबुनला विचारलं. "तुला तेव्हा खरंच ताप होता का?"

तिनं वर बघितलं नाही. एक रोप उचललं, मुळं मोकळी केली, भुश्यात बसवलं.

"हेमांगी काय म्हणते?"

"म्हणते, नव्हता."

"मग नसेल. नाहीतर असेल. तिला कुठं माहीत, ती तर दारात होती." तिनं अंगठ्यानं रोपाचं बूड दाबलं. "हात तू लावला होतास. तू सांग."

मी आठवून बघितलं. मी अशा गोष्टी नीट आठवणारी बाई आहे. डाव्या भुवईवर कांजण्यांचा वण होता. केस ओले होते. बोटांखाली एक शीर उडत होती, थोडी जलद. गोधडीला डांबरगोळ्यांचा वास होता. गरम की गार, ते काही केल्या आठवेना.

"सांगता येत नाही," मी म्हणाले. "हात काढून घ्यावासा वाटला नाही, तेवढं आठवतं."

"मग झालं की," जैबुन म्हणाली आणि मातीनं भरलेल्या हातानंच पुढचा ट्रे माझ्या मांडीवर ठेवला.